जोडीदार सोडून उतरायचं नाही

नाशिकच्या माणसांना मुंबई दाखवायची गाडी काढणार, असं मी घरात सांगितलं तेव्हा सासरे मोठ्यांदा हसले. "अगं मंगल, नाशकातल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी मुंबईला आहे. तुझ्या गाडीत बसणार कोण?" त्यांचं म्हणणं खरं होतं, पण माझा धंदा नेमका त्यातच होता. ज्यांचं कोणी मुंबईला असतं, ती माणसं तिकडे जाऊन करतात काय? बारशाला जातात, कोणी आजारी असलं तर भेटून येतात, भावाच्या दोन खोल्यांत भिंतीला टेकून चहा पितात आणि संध्याकाळी परत फिरतात. वर्षानुवर्षं मुंबईला जाऊन-येऊन असलेल्या, पण समुद्र न पाहिलेल्या कितीतरी बायका आमच्या पंचवटीतच होत्या. दीर कामावर, जाऊ स्वयंपाकात, दाखवणार कोण?

मी दाखवायला लागले. नव्वदच्या सुमाराला सुरुवात केली आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं तेच केलं. भाड्याची एक मॅटाडोर, तिच्यात दहा-बारा माणसं, चालवायला जुन्या नाशकातले रज्जाकभाई आणि बोलायला मी. पहाटे निघायचं, घोटीला चहा घ्यायचा, उजाडता उजाडता कसारा घाट उतरायचा आणि दिवसभर मुंबई पाहून घरी यायचं. मोठ्या बसगाड्या नटनट्यांचे बंगले दाखवायच्या. मला त्यात काही राम वाटत नव्हता. बंद फाटक आणि बाहेर बसलेला गुरखा बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? म्हणून पाटीवर मी 'राजधानी दर्शन' लिहून घेतलं. पाटी रंगवणारा म्हणाला, "ताई, दिल्लीला नेता का?" म्हटलं, "शाळेत भूगोलाच्या तासाला झोपला होतास वाटतं."

राजधानी म्हणायचं तर सुरुवात मंत्रालयापासूनच हवी. आत काही नेता यायचं नाही, रविवारी तर ते बंदच. रस्त्याच्या पलीकडे सगळ्यांना उभं करायचं आणि सांगायचं, आपला सगळा कारभार इथून चालतो. शहरी लोक मान डोलावून पुढे निघायचे. पण पेठ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य बाई तिथून हलेनात. नव्यानंच निवडून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आमच्या रस्त्याचा कागद हितंच हाय का?" म्हटलं, असणार. त्यांनी खालपासून वरपर्यंत सगळ्या खिडक्यांवरून नजर फिरवली. "येवढ्या घरात त्यो बिचारा हरावला आसंल," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून गाडीत जाऊन बसल्या. पुढे त्यांच्या गावाला रस्ता झाला. त्यासाठी त्या स्वतः पुन्हा मंत्रालयात जाऊन आल्या होत्या, या वेळी आत. मला कळलं तेव्हा मी शेजारीपाजारी पेढे वाटले, जसा काही रस्ता मीच बांधला होता.

लोकांना वाटतं, गाइड म्हणजे इमारतींची माहिती पाठ असलेला माणूस. ती माहिती कोणीही आठवड्यात पाठ करील. बायकांना घेऊन हिंडताना कुठल्या टोकाला स्वच्छ संडास आहे, कुठला दुपारी बंद असतो, कुठल्या इराण्याशी गोड बोललं की तो मागचं दार उघडून देतो, हे ज्याला ठाऊक त्यानंच मुंबई दाखवावी. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, का तर मग जायचं कुठे. मग दुपारी चक्कर येऊन पडतात. म्हणून गाडी घोटीच्या पुढे गेली की मी पहिली घोषणा करायची ती गेटवेची नव्हे, संडासांची. "पोटभर पाणी प्या, सोय माझ्याकडे आहे." हे ऐकल्यावर गाडीतल्या निम्म्या बायकांचे चेहरे सैल व्हायचे. रज्जाकभाई तेवढ्यापुरते रस्त्याकडे जास्तच लक्ष द्यायचे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. त्र्यंबकेश्वरकडच्या काही बायकांना मी म्युझियममध्ये नेलं. आत जुन्या दगडी मूर्ती आहेत असं मीच आधी कौतुकानं सांगून बसले होते. बायकांनी पायरीशी चपला काढल्या. मी बाकीच्यांच्या पिशव्या जमा करीपर्यंत एकीनं विष्णूच्या कपाळाला कुंकू लावून टाकलं. पहारेकरी धावत आला, शिट्टी काय, आरडाओरडा काय! बाई शांतपणे त्याला म्हणाल्या, "देव हाय ना त्यो? मंग कुकवाबिगर कसा ठिवला?" तो पहारेकरी कोकणातला होता. त्यानं रुमालानं कुंकू पुसलं, इकडे तिकडे पाहिलं आणि जाता जाता स्वतःच मूर्तीला नमस्कार केला. तेव्हापासून मी सगळ्यांच्या पर्समधल्या कुंकवाच्या डब्या गाडीतच ठेवायला लावायची.

समुद्राचं तर काही विचारू नका. सटाण्याकडचे एक द्राक्षबागाईतदार चौपाटीवर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मग संतापून म्हणाले, "एवढं पानी शे नि पेवाले घोटभर नही!" आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात. एका आजींना कळलं की समुद्र नाशिकपासून इतका जवळ असताना आपली गंगा मात्र त्र्यंबकहून निघून पार देशाच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्राला जाते. त्यांना ते मुळीच पटलं नाही. "पोरगी शेजारच्या गावात द्यायची सोडून येवढ्या लांब का दिली?" असा जाब त्यांनी मला विचारला, आणि परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

या धंद्यात एकच भीती असते, माणूस हरवायची. मोबाइल नव्हते. गर्दीत एकदा हात सुटला की सुटला. सुरुवातीला मी डोकी मोजायची. पण माणसं काही जागच्या जागी उभी राहत नाहीत आणि मोजताना कोणीतरी मधेच विचारतं, "ताई, वडापाव कुठे बरा मिळतो?" मग मी जोड्या लावायला लागले. प्रत्येकाला एक जोडीदार. गाडीतून उतरताना जोडीदार बरोबर हवा, चढताना जोडीदार बरोबर हवा. जोडीदार सोडून उतरायचं नाही आणि जोडीदार सोडून चढायचं नाही. चढल्यावर मी एकच प्रश्न विचारायची, "आपापला माणूस आहे का शेजारी?"

त्यातही एक गोष्ट मी ठेच लागून शिकले. नवरा-बायकोची जोडी कधीही लावायची नाही. देवळालीचं एक जोडपं होतं. राणीच्या बागेतून निघताना मी विचारलं, माणूस आहे का शेजारी, तर नवऱ्यानं सगळ्यांत आधी हात वर केला. मुलुंड आल्यावर त्यांना पाणी हवं झालं, पाण्याची बाटली बायकोकडे होती आणि बायको गाडीत नव्हती. आम्ही उलटे फिरलो. बाई पाणघोड्याच्या कुंपणाबाहेर बाकावर शेंगदाणे खात बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हटलं, बघू तरी कधी आठवण होते." संसारात माणूस शेजारी असतोच असं आपण धरून चालतो, परक्या माणसाकडे मात्र वळून बघतो. तेव्हापासून मी परक्यांच्याच जोड्या लावल्या, आणि हा नियम सगळ्यांत जास्त ज्यांनी उचलून धरला ते पिंगळे सर. त्यांची हकिगत सांगण्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले आहे.

सर हे आमच्या भागातल्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ताठ माणूस. गल्लीतून चालले की क्रिकेट खेळणारी मुलं बॅट मागे लपवायची. एका दुपारी त्यांची बायको, आमच्या पिंगळे काकू, माझ्याकडे आल्या. बराच वेळ भाजीच्या भावावर बोलल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "मंगल, तुझी गाडी सायनवरून जाते ना गं?"

त्यांची मुलगी स्वाती सायनला राहायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. स्वातीनं मिलिंदशी लग्न केलं होतं. मिलिंद सातपूरच्या कामगार वसाहतीतला, बौद्ध घरातला, सरांच्याच शाळेतला मुलगा. दहावीला पहिला आला तेव्हा सरांनी त्याचं नाव स्वतःच्या हातानं शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं, त्याच्या वडिलांना खुर्ची देऊन सत्कार केला होता. विद्यार्थी म्हणून ज्याचा एवढा अभिमान, तोच जावई म्हणून चालेना. लग्न नोंदणी कार्यालयात झालं, सर गेले नाहीत आणि काकूंनाही जाऊ दिलं नाही. त्यानंतर चार दिवाळ्या गेल्या. घरचा फोन सरांनी उचलला की पलीकडून स्वाती बोलायची आणि सर रिसीव्हर खाली ठेवायचे. काकू भाजी आणायला म्हणून बाहेर पडायच्या आणि एस.टी.डी. बूथवरून मुलीशी बोलायच्या. मला सरांचा रागच यायचा, खोटं कशाला सांगू.

"मिलिंदची बदली झालीय," काकू म्हणाल्या. "थेट गुवाहाटीला. पुढच्या महिन्यात जातील दोघं. एवढ्या लांब गेल्यावर हा अबोला कधी मिटायचा? सर तिच्या घरी म्हणून जन्मात जायचे नाहीत. पण सहलीला येतील. राजधानी दर्शन म्हटल्यावर येतीलच. परतताना तू फक्त तिच्या दारात गाडी थांबव. पुढचं माझं मी बघते."

खासगी थांबा घ्यायचा नाही, हा माझा कडक नियम. एकाच्या मामाकडे थांबलं की दुसऱ्याची आत्या निघते. पण काकू माझ्याकडे बघत होत्या आणि हातातली पिशवी नुसती चुरगाळत होत्या. मी हो म्हटलं. संध्याकाळच्या संडासाच्या सोयीसाठी सायनला थांबू, असं ठरलं. त्या फेरीला आमच्याच गल्लीतल्या भिशीच्या बायका होत्या. काकूंनी त्यांना आधीच विश्वासात घेऊन ठेवलं. म्हणजे गाडीत हा बेत ठाऊक नसलेले दोघंच, एक सर आणि दुसरे सोमाबाबा.

सोमाबाबा पेठकडचे. डोंगरात भात आणि नागली करणारा म्हातारा, डोक्याला फडकं, अंगात धुतलेला सदरा. मुलगा नाशकात शिपाई होता, त्यानं "बापाला समुद्र दाखवा ताई," म्हणून जागा घेतली होती. गाडीत पुरुष दोघंच, तेव्हा जोडी आपोआप लागली. मी नियम सांगितला तेव्हा सोमाबाबांनी तो दोनदा विचारून घेतला. "म्हंजी मास्तर जिथं, तिथं मी?" म्हटलं, "हो." "आन मी जिथं, तिथं मास्तर?" सर मागून म्हणाले, "बरोबर. शाळेच्या सहलीला मी हेच करीत असे." मग सोमाबाबांनी मान हलवली आणि दिवसभर सरांचा सदरा चिमटीत धरून चालले. पेठकडच्या माणसांना मी पुष्कळ नेलं आहे. एकदा हो म्हटलं की ती माणसं तो शब्द वाकवत नाहीत, सोयीचा असो की गैरसोयीचा.

गेटवेला भिशीतल्या शैलाताई, म्हणजे काकूंच्या जोडीदार, काकूंना उभं करून कानातली बघायला गेल्या. सरांनी सगळ्यांदेखत त्यांना असं काही झापलं की बिचारीनं कानातली तशीच परत ठेवली. "नियम म्हणजे नियम! जोडीदार सोडून तुम्ही गेलातच कशा?" शैलाताई पुटपुटल्या, "संध्याकाळी बघतेच तुमच्याकडे," पण ते सरांना ऐकू गेलं नाही.

सायनला रज्जाकभाईंनी गाडी एका गल्लीत घातली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक मुलगी कठड्याला धरून उभी होती. काकू आधी उतरल्या, त्यांच्यामागे बायका घाईघाईनं उतरल्या आणि जिना चढू लागल्या. सरांनी खिडकीतून वर पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"मंगलताई, हे तुम्ही ठरवून केलंत?"

"हो सर."

"मला इथं उतरायचं नाही." एवढं बोलून ते समोरच्या सीटकडे बघत बसले.

मी पुष्कळ बोलून पाहिलं. काकूंचं नाव काढलं, बदलीचं मात्र मुद्दामच बोलले नाही, ते सांगणं माझं काम नव्हतं. सर हूं की चूं करीनात. वरून कपबशांचा आवाज येत होता. स्वाती दोनदा गॅलरीत येऊन गेली. रज्जाकभाई बाहेर उभे राहून चकचकीत काच पुन्हा पुसत होते. मला वाटलं, झालं. सगळं मुसळ केरात. आता बायका खाली येतील, गाडी निघेल आणि ही मुलगी आसामात निघून जाईल. माझ्यामुळे काकूंची होती ती आशाही गेली.

सोमाबाबा सरांच्या शेजारी अंग चोरून बसले होते. एकदा या मांडीवर भार, एकदा त्या मांडीवर. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. थोड्या वेळानं त्यांनी हळूच उजवा हात वर केला आणि शाळेतल्या पोरासारखी करंगळी दाखवली. हेडमास्तरांना दाखवली!

मला हसू आवरेना आणि कीवही आली. "अहो बाबा, मग वर जा की. सोय आहे वर."

"कसा जाऊ? मास्तर बसल्यात ना हितं. जोडीदार सोडून उतरायचं नाय."

"मी सांगतो, तुम्ही जा," सर म्हणाले.

"सकाळी त्या बाईला तुमीच केवढं बोललात. मंग आता मी कसा जाऊ? नाय. तुमचं बसून झालं का जाऊ आपन." असं म्हणून त्यांनी ओठ आवळून धरले.

मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर. ते लाजून म्हणाले, "तुमी बाईमानूस. त्या कामाला तुमी कशाला?" सरांनी रज्जाकभाईंना हाक मारली. रज्जाकभाई खिडकीत येऊन फार दिलगिरीनं म्हणाले, "सर, गाडी सोडून कसा जाऊ? हा एरिया चांगला नाही." एरिया उत्तम होता. समोर पोलीस चौकी होती.

सर सोमाबाबांकडे बघत राहिले. आयुष्यभर वर्गात त्यांनी अशी किती पोरं पाहिली असतील, पोट दाबून बसलेली, मास्तरांच्या भीतीनं न बोलणारी. त्या पोरांना ताटकळत ठेवणारे ते मास्तर नव्हते, हे त्यांचे विद्यार्थीही सांगतात. दात-ओठ खात ते उठले. "चला," म्हणाले, आणि म्हाताऱ्याचं कोपर धरून त्याला खाली उतरवलं. मी मागोमाग गेले. जिन्यात सोमाबाबा दर दोन पायऱ्यांनी थांबत होते आणि सर खालच्या आवाजात म्हणत होते, "सावकाश. आलंच आता."

दारात स्वाती उभी होती. सरांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "यांना जायचंय."

"डावीकडे, अप्पा," स्वाती म्हणाली.

सोमाबाबा आत पळाले. सर उंबऱ्याबाहेर थांबले. आत भिशीच्या बायका जमिनीवर बसून पोहे खात होत्या आणि एकमेकींशी काहीबाही बोलत होत्या, जसं काही दारात कोणी आलेलंच नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात डोळ्यांना पदर लावून उभ्या. सरांची नजर खोलीभर फिरली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकं, आणि मधोमध खोकी. पुठ्ठ्याची, लाकडाची, सुतळीनं बांधलेली, अर्धवट भरलेली.

"हे काय?" त्यांनी विचारलं. चार वर्षांत लेकीला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"बदली झाली यांची. गुवाहाटीला. पुढच्या महिन्यात निघायचं."

सरांना हे ठाऊक नव्हतं, काकूंनी सांगायचं धाडसच केलं नव्हतं. मुलगी सायनला आहे, आपण बोलत नाही, पण घाट उतरला की आहे, असं ते मनाशी धरून बसले असावेत. आता ती तिथंही असणार नव्हती. ते तसेच उभे राहिले. मग एकाएकी चपला काढून आत आले, वाकले आणि एका खोक्याची सुतळी ओढून पाहिली. ती लगेच सैल झाली.

"अशी बांधतात? कल्याणपर्यंत तरी टिकेल का ही?" ते कडाडले. "दोरी आण. सुतळी नको, दोरी."

स्वाती धावली. शैलाताईंनी पोह्यांची बशी खाली ठेवून वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी कपड्यांसकट खेचून आणली. सकाळचा अपमान त्या विसरल्या होत्या. सर जमिनीवर बसले आणि खोकी एकेक करून नव्यानं बांधायला लागले. आडवा वेढा, उभा वेढा, गाठ, गाठीवर गाठ. सोमाबाबा बाहेर आले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि जोडीदाराजवळ बसून त्याच्या हातात दोरी द्यायला लागले. स्वाती समोर गुडघे टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ती पुसतसुद्धा नव्हती, कारण सर गाठ मारताना तिथं बोट धरायला लावत होते.

शेवटी भांड्यांचं मोठं लाकडी खोकं राहिलं. ते एकट्यानं उचलून खालून दोरी घालता येईना. सोमाबाबांच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. सरांनी एकदा, दोनदा प्रयत्न केला आणि मग खाली बघतच विचारलं, "तो कुठाय?"

"कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलेत," स्वाती म्हणाली. "म्हणाले, मी घरात नसलो तर अप्पांना आत यायला सोपं जाईल."

सरांच्या हातातली दोरी तशीच राहिली. मला तो माणूस त्या क्षणी फार थकलेला दिसला.

"बोलव," ते म्हणाले. "हे एकट्याचं काम नाही."

स्वाती उठायच्या आत शैलाताई गॅलरीत गेल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अहो रज्जाकभाई! कोपऱ्यावरून आमच्या जावयांना घेऊन या!" पोलीस चौकीतला हवालदार बाहेर येऊन बघायला लागला.

मिलिंद आला तो धापा टाकत. दारात थबकला. सर त्याला म्हणाले, "ये. त्या बाजूनं धर. उचल. अजून. हां, असंच धर." दोघांनी मिळून ते खोकं बांधलं. मिलिंदनं धरायचं आणि सरांनी आवळायचं. गाठ मारून झाल्यावर सरांनी खोक्यावर थाप मारली. मग काकूंनी दोघांच्या हातात चहा दिला आणि दोघांनी तो खोक्याच्या दोन बाजूंना उभं राहून घेतला. बोलणं काय झालं म्हणाल तर गुवाहाटीला पाऊस फार असतो का, एवढंच.

पुढे रस्ते चौपदरी झाले, दारोदार गाड्या आल्या, आणि मोबाइल आल्यावर हरवायची भीतीही गेली. जोड्या लावायला माणसं हसू लागली. मी गाडी बंद केली. वाईट वाटतं कधी कधी, विशेषतः समुद्र पहिल्यांदा पाहणारा चेहरा आता मला बघायला मिळत नाही याचं. पण धंद्यानं काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी त्या संध्याकाळचं सायन सांगते.

कारण गोष्ट चहावर संपली नाही. आम्ही खाली आलो, गाडीत बसलो. सर खिडकीशी, शेजारी सोमाबाबा. उशीर झाला होता, घाट चढायचा होता. स्वाती आणि मिलिंद फुटपाथवर उभे होते. सर समोर बघत होते, आणि मला वाटलं, झालं तेवढं पुष्कळ झालं, आता ते काही बोलायचे नाहीत. तेवढ्यात त्यांनी खिडकीची काच सरकवली.

"मिलिंद," ते म्हणाले, "तुझा दिवाळसण राहिलाय आमच्याकडून."

काकूंनी मागच्या सीटवर तोंडाला पदर लावला. मिलिंद गोंधळला. सरांच्या वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसा ताठ उभा राहिला. "सर, तिकडून दिवाळीला रजा मिळणं जरा अवघड जाईल. फार तर तीन-चार दिवसांची..."

"तीन-चार दिवसांसाठी एवढ्या लांबून कोणी येतं का?" सर त्याच्यावर खेकसले. "मोठी रजा काढ. आणि आई-वडिलांना कळव, सातपूरला मी स्वतः जाऊन आमंत्रण देणार आहे."

स्वातीनं खिडकीच्या कडेवर ठेवलेला त्यांचा हात धरला. सरांनी तो काढून घेतला नाही. रज्जाकभाईंनी किल्लीला हात घातला होता, त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं, आणि ते किल्ली सोडून मागे टेकून बसले.